काचसामानाचा संग्रह : मुरानो आणि महाराष्ट्र

मस्तानीविषयी महाराष्ट्रात जी आख्यायिका घरोघर सांगितली जाते ती अशी, की तिची कांती फार नितळ असल्यामुळे विडा खाल्ल्यावर त्याचा तांबडा रस गळ्यातून उतरताना बाहेरून दिसे. इतिहासाने अशा गोष्टीस पुरावा मानू नये हे सांगणे न लगे. तथापि सौंदर्याची परिसीमा दाखविताना लोकांच्या कल्पनेस सोन्यामोत्यांची झळाळी न सुचता काचेची पारदर्शकता सुचली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे बाजीरावाने मस्तानीस दिली होती. १७४० च्या एप्रिलात नर्मदाकाठी रावेरखेडीस बाजीरावाचा अंत झाला आणि त्याच वर्षी पाबळास मस्तानीचाही झाला. तिची कबर तेथे आहे. ज्या काचेने लोकांनी तिचे वर्णन केले, तिच्या घरच्या त्या काचेचा मात्र एक तुकडाही कोणी दाखवू शकणार नाही. दगड राहिला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे जे अवशेष उरले होते ते पुण्यास केळकर संग्रहालयात आणून पुन्हा उभे केले गेले, म्हणजे लाकूडही राहिले. काच राहिली नाही.

ही गोष्ट एका वाड्यापुरती नाही. आपल्या संसारातील सर्व पदार्थांत काचेच्या वाट्याला येणारे मरण सर्वांत निकृष्ट असते. पितळेचे भांडे फुटले तर मोडीत जाते आणि त्याचे चार पैसे येतात. जुने लुगडे गोधडीत जाते, जुनी तुळई दुसऱ्या घराच्या आढ्याला लागते. काच मात्र फुटली की उकिरड्यावर जाते, आणि कोणाच्या पायाला लागू नये एवढीच तिच्याविषयी घरच्यांची चिंता असते. फुटली नाही तरी तिची फारशी पत राहत नाही. माळ्यावर पडलेली कंदिलाची काच, कोनाड्यातली रंगीत बाटली किंवा तसबिरीतून निखळलेले तावदान घर बदलताना प्रथम टाकले जाते.

मातीखाली गेलेल्या काचेचे दैव ह्याहून बरे म्हटले पाहिजे. नेवासे आणि कोल्हापूरचे ब्रह्मपुरी येथील उत्खननांत काचेचे मणी व बांगड्यांचे तुकडे पुष्कळ मिळाले. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी अशा अवशेषांचा ध्यास घेऊन भारतीय काचेचा इतिहास इंग्रजीत लिहिला व मुंबई विद्यापीठाने तो १९६९ साली प्रसिद्ध केला. पेरिप्लस ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या बंदरी उतरणाऱ्या मालात कच्च्या काचेची गणना आहे. म्हणजे पश्चिमेकडील काच आपल्या किनाऱ्यास लागू लागली त्यास दोन हजार वर्षे होत आली. अशा रीतीने सातवाहनकाळच्या मण्यास क्रमांक आहे, कपाट आहे, त्याच्यावर ग्रंथ आहे. आपल्या आजोबांच्या घरातील दिव्याच्या काचेस ह्यांपैकी काहीच नाही. हे असे का, आणि हे असेच राहावे काय, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय होय. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे दूर, इटलीपर्यंत, जावे लागेल. कारण काच कशी जपावी, आणि मुख्य म्हणजे का जपावी, हे त्या देशाने दाखवून दिले आहे.

व्हेनिसजवळच्या खाजणात मुरानो नावाचे बेट आहे. १२९१ साली व्हेनिसच्या लोकसत्तेने शहरातील काचेच्या भट्ट्या तेथे हलविण्याची आज्ञा केली. शहरास आगीचे भय होते हे त्याचे कारण. पण सर्व कारागीर एका बेटावर राहिल्याने धंद्याचे गुह्यही बेटावरच राहिले. कारागिरास बेट सोडून परदेशी जाण्याची मनाई होती. पंधराव्या शतकात आंजेलो बारोव्हिएर याने स्फटिकासारखी निर्मळ काच तयार केली आणि पुढे दीड-दोनशे वर्षे युरोपातील राजेरजवाड्यांनी तिच्यासाठी पैसा ओतला. मग उतरती कळा लागली. बोहेमिया व इंग्लंड येथील जाड, पैलूदार काच लोकांच्या डोळ्यांत भरली. १७९७ साली नेपोलियनपुढे व्हेनिसचे राज्यच बुडाले, तेव्हा ज्या संघांच्या बळावर ही कला उभी होती तेही फार काळ तगले नाहीत.

येथपर्यंतची कथा आपल्याकडील मलमलीची किंवा पैठणीची म्हणून सांगितली तरी चालेल. फरक पडतो तो पुढे. विंचेन्झो झानेत्ती नावाच्या एका धर्मोपदेशकाने १८६१ साली मुरानोतच काचेचे संग्रहालय स्थापन केले. बेटावर जी जुनी काच उरली होती ती आणि त्याबरोबर जुने कागदपत्र त्याने एकत्र केले. एवढ्यावर न थांबता पुढल्याच वर्षी त्याने संग्रहालयाच्या जोडीला काच फुंकणाऱ्यांसाठी चित्रकलेची शाळा काढली. पूर्वजांनी केलेली वस्तू समोर ठेवावी, ती कशी केली असेल ह्याचा कारागिराने विचार करावा, आणि मग भट्टीपाशी जावे, असा त्याचा हेतू होता. त्याच सुमारास, १८५९ साली, अंतोनियो साल्व्हियाती ह्या वकिलाने भांडवल घालून कारखाना काढला होता. संग्रह, शाळा आणि भट्टी अशी तिन्ही एकत्र आल्यामुळे विझत चाललेला धंदा पुन्हा पेटला.

ज्या काचेच्या मागे आज जगातील संग्राहक लागले आहेत ती ह्या पेटलेल्या भट्टीची नातवंडे होत. पाओलो वेनिनी हा मिलानचा वकील. त्याने १९२१ साली जुन्या वस्तूंचा व्यापारी जाकोमो कापेल्लिन याच्याशी भागी करून मुरानोत कारखाना घातला. त्यांचा पहिला कलानियोजक व्हित्तोरियो झेक्किन याने व्हेरोनेझे ह्या सोळाव्या शतकातील चित्रकाराच्या एका चित्रात रंगविलेले काचपात्र पाहून तसेच प्रत्यक्ष घडविले. ते पात्र त्या कारखान्याची खूणच होऊन बसले. भागी मोडल्यावर वेनिनीने स्थापत्यविशारद कार्लो स्कार्पा यास बोलाविले. १९३२ पासून १९४७ पर्यंत तो भट्टीपाशी बसून उस्तादांबरोबर नवे नवे प्रकार काढीत होता. दुसरे महायुद्ध संपल्यावर फुल्व्हियो बियांकोनी याने रुमालाचे चारही पदर वर उचलून धरावेत तशी फुलदाणी कल्पिली. सेगुझोच्या कारखान्यात फ्लाव्हियो पोली याने एका रंगाच्या काचेचा गोळा दुसऱ्या रंगाच्या काचरसात बुडवून, पुन्हा तिसऱ्यात बुडवून, पाण्यात रंग तरंगत असावा असा भास करणारी जाड पात्रे केली. त्याबद्दल १९५४ साली इटलीतील मानाचे पारितोषिक त्यास मिळाले. दीनो मार्तेन्स याने तर ठिगळांच्या गोधडीसारखे निरनिराळ्या रंगांचे तुकडे एकाच पात्रात वितळवून जोडले.

ह्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. वस्तू कोणी कल्पिली, कोणत्या भट्टीत झाली आणि साधारण कोणत्या साली झाली, हे सांगता येते. कारखान्यांनी नमुन्यांच्या सचित्र याद्या ठेविल्या. व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात १९३२ पासून ह्या हस्तकलांस स्वतंत्र दालन मिळाले. वेनिनीच्या पात्रांच्या तळाशी आम्लाने कोरलेली मुद्रा असे. काही कारखाने केवळ कागदी चिठ्ठी चिकटवीत आणि ती धुण्यात निघून जाई, म्हणून अशा वस्तूंविषयी आजही वाद होतात. नाव निघू लागल्याबरोबर नावाच्या चोऱ्याही सुरू झाल्या. कोऱ्या तळावर मागाहून सही खोदून माल विकणारे निघाले, आणि खुद्द मुरानोच्या नावावर परदेशी माल खपू लागल्याने तेथील प्रांतिक सरकारास १९९४ साली कायदा करून बेटावरच्या काचेसाठी अधिकृत चिन्ह ठरवावे लागले. जाणता संग्राहक म्हणून सहीवर एकदम विश्वास ठेवीत नाही. तो पात्र उलटे करतो. लोखंडी दांड्यावरून काच तोडून घेतल्याची खूण तळाशी आहे काय, ती घासून घोटलेली आहे काय, वर्षानुवर्षे टेबलावर सरकून पडलेले बारीक ओरखडे आहेत काय, हे पाहतो. हातात तोलून वजन पाहतो, आणि मग कारखान्याची यादी उघडतो.

ह्या यादीचे मोल किती असते त्याचे एक अलीकडील उदाहरण सांगतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात जुने सामान विकणाऱ्या एका दुकानात एक फुलदाणी ३ डॉलर ९९ सेंटांस विकली गेली. घेणारीने तळाशी पाहिले तो मुरानोची पुसट खूण दिसली. जाणकारांकडे चौकशी करता ती कार्लो स्कार्पाने वेनिनीसाठी कल्पिलेल्या, कुंचल्याचे फटकारे ओढल्यासारख्या दिसणाऱ्या मालिकेतील निघाली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये लिलावात तिला १,०७,१०० डॉलर आले. दुकानात होती तीच काच लिलावातही होती. मधल्या काळात तिच्यात तिळमात्र भर पडली नव्हती. भर पडली ती एका नावाची आणि एका नोंदीची. आमचा भर पैशावर नाही. परंतु मूळ काचेचे मोल वाळू आणि सोड्याएवढे असून, बाकीचे सर्व मोल आठवणीचे असते, हे तत्त्व येथे स्पष्ट होते.

आता आपल्या घराकडे वळू. ज्या अर्धशतकात वेनिनी आणि स्कार्पा मुरानोत काम करीत होते त्याच अर्धशतकात महाराष्ट्रातही काचेच्या भट्ट्या पेटल्या होत्या. त्यांच्या मागची प्रेरणा निराळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे दिव्याची चिमणी, औषधाची बाटली, बांगडी आणि खिडकीचे तावदान हे सर्व बहुतेक परदेशी असे. ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जम आणि पुढे जपान ही त्याची माहेरे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली : दर माणसाने एकच पैसा द्यावा, आणि त्या पैशांच्या राशीतून देशी उद्योग उभा राहावा. लोकमान्य टिळकांनी ह्या कल्पनेस आपले बळ दिले. गोळा झालेल्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. त्याच वर्षी लोकमान्यांस शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. कारखाना मात्र राहिला. जपान व अमेरिका येथे ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी आरंभी त्याची धुरा वाहिली. येथे माल तर निघेच, शिवाय तरुणांस काच फुंकण्याचे शिक्षणही मिळे. भट्टी आणि शाळा ह्या दोन गोष्टी मुरानोप्रमाणे येथेही एकत्र होत्या. तिसरी, म्हणजे संग्रह, तेवढी नव्हती.

दुसरी भट्टी कऱ्हाडजवळची. ओगले बंधूंनी १९१६ साली औंध संस्थानच्या हद्दीत, पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने, काचेचा कारखाना घातला आणि त्या माळाचे नाव ओगलेवाडी पडले. पहिल्या महायुद्धाने परदेशी माल अडविला होता व देशी मालास दार उघडले होते. पुढे ह्या कारखान्याचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाला. प्रभाकर हे सूर्याचे नाव, आणि ओगले बंधूंच्या वडिलांचेही. गोठ्यात, खळ्यावर, बैलगाडीच्या जुवाखाली, बाळंतिणीच्या खोलीत आणि परीक्षेस बसणाऱ्या मुलाच्या पाटापुढे जळणाऱ्या ह्या कंदिलाने आपल्या दोन पिढ्यांच्या रात्री उजळल्या आहेत.

कंदिलाची काच करणे ही सोपी गोष्ट नव्हे. आतून ज्योत, बाहेरून पावसाळी वारा, अशा दुहेरी कचाट्यात ती असते. एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस पातळ झाली तर ताप सारखा न पसरता ती तडकते. भट्टीतून काढल्यावर हळूहळू निवू दिली नाही तर ताण आतच राहतो, आणि काही दिवसांनी काच आपोआप फुटते. वाळूत लोहाचा अंश असला की काचेस हिरवी छटा येते. ती घालविण्यासाठी मँगेनीजचे क्षार घालावे लागतात, आणि अशी काच पुष्कळ वर्षे उन्हात राहिली तर जांभळी पडते. जुन्या देशी काचेत दिसणारी हिरवी झाक, आत अडकलेला बुडबुडा किंवा किंचित वाकडी मान हे सारे दोष खरे. परंतु परदेशी यंत्रांशी हाताने झुंजणाऱ्या माणसांनी त्या विद्येची एकेक पायरी कशी चढली ह्याचा तोच लेखी पुरावा होय. कागदावर तो कोठे सापडणार नाही.

येथे कोणी असे म्हणेल की मुरानोची फुलदाणी ही कलाकृती आणि कंदिलाची काच ही गरजेची वस्तू. दोहोंची तुलना म्हणजे राजहंस व कावळा एका पंक्तीस बसविणे. ह्या आक्षेपात तथ्य आहे. स्कार्पाच्या पात्रातील रंगाचा विचार आमच्या चिमणीत नाही, आणि देशाभिमानाने तो आहे असे म्हणणे हास्यास्पद होईल. परंतु संग्रह केवळ सौंदर्याचा करावयाचा असतो हे आम्हांस मान्य नाही. मुरानोचे कारखानेही व्यापारीच होते. त्यांची काच श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी झाली. आमची काच ज्यांनी एकेक पैसा दिला त्यांच्याच ओसरीसाठी झाली. एका देशातील माणसांनी न पाहिलेल्या कारखान्यावर विश्वास टाकून पैसा द्यावा, आणि त्यातून निघालेल्या दिव्याखाली त्यांच्या मुलांनी वाचावे, ही घटना इतिहासात नमूद होण्याजोगी नाही काय ? आणि नमूद व्हावयाची तर ती वस्तू निदान पाहावयास तरी मिळाली पाहिजे. ओगलेवाडीची भट्टी विझली आहे. खेडोपाडी वीज आल्यावर कंदील आढ्यावरून माळ्यावर गेला आणि माळ्यावरून भंगारात. भंगारवाला पत्रा तोलून घेतो, काच फोडून टाकतो.

अशा वस्तूंचा संग्रह करण्यास राजाची श्रीमंती लागते असे मात्र नाही. ज्या संग्रहालयात मस्तानी महालाचे अवशेष आहेत ते उभे करणारे दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्याच्या दुकानाचे धनी, म्हणजे एका अर्थी काचेचेच व्यापारी, आणि ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता लिहिणारे मध्यमवर्गीय गृहस्थ होते. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमविण्यास आरंभ केला. पत्नी कमलाबाई यांची त्यांस साथ होती. लहानपणीच गेलेल्या राजा ह्या मुलाच्या नावाने त्यांनी तो संग्रह ठेविला आणि १९६२ साली महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. त्यांनी काय जमविले ते पाहावे. अडकित्ते, दौती, पेट्या, पानदाने, काचेवरील चित्रे आणि दिवे. दिव्यांवर तर त्यांनी १९६१ साली पुस्तकही लिहिले. जमविताना ह्यांपैकी पुष्कळशा वस्तू लोकांच्या दृष्टीने अडगळच होत्या. समई आणि निरांजन यांच्या परंपरेत शेवटी जन्मलेला दिवा म्हणजे घासलेटचा कंदील. तो अजून पुरेसा जुना झालेला नाही म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही; आणि पुरेसा जुना होईल तेव्हा तो उरलेला नसेल.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे ती लहान व सोपी आहे. घर आवरताना जुनी काच हाती आली तर ती टाकण्यापूर्वी उलटी करून पाहावी. तळाशी किंवा मानेवर उठावाची अक्षरे असतील, कंदिलाच्या पत्र्यावर कारखान्याचे नाव असेल, ते उतरून घ्यावे. वस्तू कोणी घेतली, कोणत्या गावच्या बाजारातून आली, घरात कशासाठी वापरली, हे घरातील वृद्ध माणसांस विचारून एका चिठ्ठीवर लिहावे व ती चिठ्ठी वस्तूस बांधून ठेवावी. चिठ्ठीवाचून संग्रह म्हणजे नुसती अडगळ होय. चिठ्ठी असली तर एक फुटकी चिमणीसुद्धा इतिहासाचे साधन आहे. कोणाच्या घरी इटलीची किंवा बोहेमियाची फुलदाणी असेल तर तिलाही हाच नियम लागू आहे. तिच्यावर आज पडलेला प्रकाश तिच्या देशातील चिठ्ठ्यांचाच आहे.

आणि ह्या वस्तूंस जागा कोठे द्यावी असे कोणी विचारील तर झानेत्तीचे उत्तर आम्ही पुढे करू : शाळेत. पाबळास १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम स्थापिला तो हाताने काम करीत शिकावे ह्या तत्त्वावर. पैसा फंडाने तळेगावी भट्टीला शाळा जोडली त्यातही हेच तत्त्व होते. अशा ठिकाणी, किंवा कोणत्याही गावच्या शाळेत, एका फडताळात दहा-बारा जुने दिवे व बाटल्या चिठ्ठ्यांसह मांडल्या, तर मुलास त्यांतून पुष्कळ शिकता येईल. काच हिरवी का, जाडी कमीजास्त का, ज्योतीला वारा कोठून मिळतो, आणि हे सर्व करण्यासाठी पैसे कोणी दिले, हे प्रश्न तो विचारील. त्या प्रश्नांत रसायन आहे, पदार्थविज्ञान आहे आणि आपल्या देशाचा गेल्या शतकाचा इतिहासही आहे. मुरानोच्या बेटावर असे प्रश्न विचारणारी मुले निघाली म्हणून तेथील भट्टी पुन्हा पेटली. आपल्याकडे भट्टी पेटेल की नाही ते पुढचे पुढे. फडताळ मांडण्यास मात्र आजच आरंभ करता येईल.